राहायच्या जागेची बघाबघी

मखमलाबाद, नाशिक
मार्गशीर्ष, सन २००३

चि. सौ. शकूस नवसाबाईचे अनेक आशीर्वाद.

नवसाबाई म्हणजे कोण हे आठवायला तुला वेळ लागेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. तुझ्या आईला तुझ्याआधी झालेली मुलगी, ती मी. मागे पोळ्याच्या सुमाराला तुझं पाकीट आलं. आम्ही सगळे हात धुऊन ओट्यावर बसलो, पाकीट फोडलं, तर आत चिठ्ठीच नाही. ती तिकडेच राहिली असणार, कपाळावर चष्मा राहतो तशी. पाकीट उलटं करून झटकलं तेव्हा भाताचं एक तूस पडलं. त्यावरून तू तांदूळ निवडत होतीस एवढा मजकूर आम्ही वाचला, आणि पाकीट देवापाशी ठेवून दिलं.

जयरामरावांचा खोकला कसा आहे? तुझा मुलगा बहिरू अजून त्याच एसटीवर आहे ना? इकडे सर्व क्षेम. गाय व्यायली, कोथिंबिरीला भाव नाही, आणि माझा डावा गुडघा उजव्याशी बोलत नाही. डॉक्टर म्हणाला, आजी, कुठे जायचं असेल तर ह्या हिवाळ्यात जाऊन या, पुढच्या हिवाळ्यात ओट्यावरून अंगणात उतरलात तरी प्रवास झाला असं धरायचं. मी कुठे जाणार? जन्म मळ्यात गेला. एक समुद्र तेवढा बघायचा राहिलाय, आणि एक तुझं घर. जयरामराव बदली रद्द करून घ्यायला म्हणून कोकणात गेले आणि मासे खाऊन तिथेच राहिले, तेव्हापासून राहिलंय ते राहिलंच.

(हे पत्र उज्वला लिहिते आहे. आपल्या नाथाचा महेश, त्याची बायको, माझी नातसून. तोंड माझं, हात तिचा. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते, त्यामुळे वाचून दाखवते तेव्हा मला वाटतं कोणी तलाठ्याची बायको बोलते आहे.)

तर हकिकत अशी. महेश सातपूरला कारखान्यात आहे. त्याची आठ दिवसांची रजा शिल्लक होती आणि वर्ष संपायच्या आत घेतली नाही तर बुडणार होती. बुडणारी गोष्ट आपल्या घरात कोणाला बघवत नाही, मग ती रजा असो नाहीतर उधारी. त्याने कुठल्याशा मित्राकडून एक रंगीत पुस्तिका आणली आणि म्हणाला, सगळ्यांनी मिळून समुद्रकाठी जंगलात राहायला जायचं. पुस्तिकेत झाडावर बांधलेल्या झोपड्या, मागे निळं पाणी, आणि खाली लिहिलेलं की हे उष्ण कटिबंधीय सदाहरित वर्षावन आहे. उज्वलाने तीनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, एवढं लांब नाव तर नवसाच्या पोराचंही ठेवत नाहीत. शेवटी तिने अर्थ सांगितला, की जिथे इतका पाऊस पडतो की झाडांना पानं गाळायला सवड मिळत नाही असं रान. त्या झोपडीला भाडं किती ते तुला सांगत नाही, तुला चक्कर येईल. मी म्हटलं, अरे, हा तर माळा. बाजरी राखायला मी ऐन तरुणपणी माळ्यावर बसून गोफण फिरवली, तेव्हा मला कोणी भाडं मागितलं नाही.

पुस्तिकेत गावाचं नाव बघितलं तर तुझ्या गावापासून दोन कोसांवर. माझा जीव सुपाएवढा झाला. मी म्हटलं, मग शकूकडेच उतरू की. महेश म्हणाला, आजी, सुट्टी म्हणजे जिथे नातेवाईक नाहीत तिथे जायचं. शिकलेल्या माणसाचं म्हणणं, मी ऐकून घेतलं.

महेश फोनवरून जागा धरणार होता. नाथाने त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला. तुला नाथा माहीत आहे. बैल घेताना त्याने बैलाच्या आईची चौकशी केली होती. तो म्हणाला, न बघता मी कांद्याची गोणी घेत नाय, आणि बायकापोरं फोटोवर धाडू? रीतीने बघायचं. आणि आपल्या घरात रीत एकच, सोयरिकीची. आधी पुरुष जाऊन बघणार, मग बायका जाऊन बघणार, मग दोन्हीकडचे बसून याद्या करणार, आणि सगळं पक्कं झालं की शेवटी घरातलं वडील माणूस नारळ घेऊन जाणार. वडील माणूस म्हणजे मी. म्हणजे समुद्र मला मिळणार, पण शेवटच्या पंगतीला. आणि त्या गावाकडे आपला पाहुणा असला तर ठरेपर्यंत त्याला सुगावा लागू द्यायचा नाही, कारण पाहुणा हटकून भांजी मारतो. म्हणून तुला कळवलं नाही. रागावू नको, रीत आहे.

पहिल्या खेपेला पुरुष गेले. नाथा, माझे दीर गोटीराम, शेजारचा झुंबर (जीप त्याची), महेश, आणि पाचवा म्हणून झुंबरचा मेहुणा, कारण चौघांनी बघायला जाणं बरं दिसत नाही. सगळे टोप्या घालून. तिथे पोचले आणि त्या मालकाच्या पडवीत खुर्च्यांवर ओळीने बसले, आणि रीतीप्रमाणे कोणीच काही बोललं नाही. मालक म्हणाला, काय पाहिजे. नाथा म्हणाला, काही नाही, सहज आलो होतो. पाचशे किलोमीटर, सहज. मग पोहे आले. पोहे झाल्यावर नाथाने विचारायला सुरुवात केली. मूळ गाव कुठलं, भाऊ किती, पाणी कुठलं, शेजार कसा, ह्या झोपडीचं आधी कुठे ठरून मोडलं होतं का आणि मोडलं तर का. महेश म्हणे मधेमधे पाकिटात हात घालत होता, आगाऊ रक्कम द्यायला, आणि नाथा दर वेळी त्याच्या पायावर पाय देत होता.

मग झोपडी दाखवा म्हणाले. पोरीला चार पावलं चालून दाखवायला सांगतात, झोपडी चालणार कशी? म्हणून त्यांनी मालकालाच तिच्या शिडीवरून दोनदा वर-खाली करायला लावलं. शिडी कुरकुरते का ते गोटीराम खाली कान लावून ऐकत होते. झुंबरने अंगण पावलांनी मोजलं. नाथाने माती उकरून वास घेतला, जिभेला लावली आणि म्हणाला, तांबडी आहे, ह्यात भेंडी यायची नाही. मालकाला वाटलं, जमिनीच्या मोजणीवाले आले. त्याने घाबरून कोंबडी कापली.

इथपर्यंत शोभलं असतं. पण गोटीरामांनी हट्ट धरला की वर बसून बघतो. वर चढले, चारी बाजूंना बघितलं, आणि त्यांना दिसले पक्षी. झाडाझाडावर, हिरवे, निळे, लांब चोचीचे. माळ्यावर बसलेला माळी आणि समोर पक्षी, अगं, त्या माणसाचा काय दोष? त्यांनी जी आरोळी ठोकली आणि डोक्याची टोपी गरगर फिरवली, ती अख्खं रान रिकामं होईपर्यंत. खाली मुंबईचं एक जोडपं डोळ्याला दुर्बिणी लावून पहाटेपासून न हलता बसलं होतं. ते तेच पक्षी बघायला पैसे भरून आलेलं. गोटीराम उतरून त्यांना म्हणाले, आता निवांत झोपा, एक पाखरू यायचं नाय. त्या बाई रडल्या. गोटीरामांना वाटलं, कोणी एवढं केलं नसेल त्यांच्यासाठी.

निघताना मालकाने विचारलं, मग धरू का तुमच्या नावावर? समोरच्याच्या दारात कोणी हो म्हणतं का? नाथा म्हणाला, कळवतो. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, पसंत आहे. महेशची रजा मात्र तेवढी कमी झाली.

दुसऱ्या खेपेला बायका. माझी सून सुलाबाई, गोटीरामांची मालनबाई आणि ही लिहिणारी, उज्वला. गाडी चालवायला महेश, म्हणजे रजा आणखी गेली. (इथे उज्वलाचं पेन थांबलं. लिही गं, तुझंच नाव आहे, गोड अक्षरात लिही.) बायकांनी सोबत काय नेलं? झोपडीची ओटी भरायला नारळ आणि खण. मी म्हटलं, झोपडीची ओटी कुठे असते? सुलाबाई म्हणाली, आत्याबाई, उंबऱ्यावर ठेवू. ठेवली. पुण्याकडची दोन माणसं तिथे उतरली होती. त्यांना वाटलं, हा इथला देव आहे. संध्याकाळी त्यांनीही उंबऱ्यावर उदबत्ती लावली.

मग ह्या स्वयंपाकघरात शिरल्या. डबे उघडून बघितले, मिठाचा ओलसरपणा बघितला, आणि तिथल्या बाईला भाकरी करायला लावली. तिने तांदळाची केली, तर मालनबाई म्हणाल्या, पांढरी आहे, पण हाताला जोर नाही. खरं तर त्या बाईने बरं जेवायला घातलं होतं, हे मला उज्वलाने नंतर चोरून सांगितलं. (सांगितलंस ना? मग लिही.) पण बघायला गेल्यावर चांगलं म्हणायचं नसतं. परत येऊन तिघींनी एकच खोट काढली, की जागा अस्वच्छ आहे. कशी, तर दाराबाहेर नुसती झाडं. एक झाड सरळ नाही, वेली वाटेल तिथे चढलेल्या, खाली हातभर उंच गवतपाला, कोणी कधी छाटणी केलेली नाही, खुरपणी नाही, आणि समुद्र म्हणे पानांतून कणाकणाने दिसतो. सुलाबाई म्हणाली, मालक आळशी दिसतो. नाथाने मान हलवली. त्यालाही तेच खटकलं होतं, पण पुरुषांनी पहिल्या खेपेला बोलायचं नसतं.

आता याद्या. तिसऱ्या खेपेला पुन्हा पुरुष गेले, सोबत महेश आणि त्याची उरलेली रजा. मालकाला आता हे लोक कोण आहेत ते कळेनासं झालं होतं, पण एवढी माणसं तीन-तीनदा येतात म्हणजे महिनाभर तरी राहतील अशी त्याला आशा. त्याने ह्यांना पडवीत बसवलं आणि म्हणाला, बाजारातून मासे घेऊन येतो, तोपर्यंत हे घर आपलंच समजा.

शकू, मळेवाल्याला असं कधी सांगू नये.

त्याची पाठ वळल्याबरोबर नाथा उठला. झुंबरच्या जीपमध्ये खुरपी, कोयते, छाटणीच्या कात्र्या, तार, सुतळी, फवारणीचा पंप, सगळं कायमच असतं, दुसऱ्यांच्या जीपमध्ये जॅक असतो तसं. होणाऱ्या सोयऱ्याचं अंगण, आपण रिकामे बसलोय, चार हात लावले तर बिघडलं कुठे, एवढाच सरळ विचार. खालचं सगळं तण म्हणून उपटलं (ते शहरातले लोक कुंडीत लावतात असं उज्वला म्हणते). वेली खाली ओढल्या, निम्म्या छाटल्या आणि उरलेल्या दिंडोरीच्या द्राक्षबागेसारख्या तारेवर ताणून बांधल्या. डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या उतरवल्या. झाडांच्या बुंध्यांना कंबरेपर्यंत चुना आणि त्यावर गेरूचा पट्टा मारला, म्हणजे वाळवी लागत नाही. पंपात द्राक्षावर मारायचं मोरचूद उरलं होतं ते सगळ्यावर फवारलं. आणि जमीन मोकळी झालीच होती म्हणून गोटीरामांनी वाफे पाडून मेथी टाकली.

मालक मासे घेऊन आला आणि फाटकापाशी थबकला. पुन्हा रस्त्यावर गेला, पाटी वाचली, पाटी बरोबर होती. मग आत येऊन पायरीवर बसला, पिशवी मांडीवर. नाथा हात पुसत त्याच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आता दिसतो का नाय समुद्र?" दिसत होता. लख्ख, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या माणसाने माशांच्या पिशवीला गाठ मारली. मग हळूच म्हणाला, "अहो, लोक ह्यां रानच बघूक येतत."

नाथाला वाटलं, आभार मानतोय. याद्या करायला बसू म्हणाला. तर मालक उठला, मासे आत ठेवून आला, हात जोडले आणि म्हणाला, आमच्याकडून नकार समजा. असं कधी ऐकलंस? आपण भाडं देणार, आपण राहणार, आपण अंगण स्वच्छ करणार, आणि नकार त्याचा. आमच्या घराला आजवर कोणी नकार दिला नव्हता. झुंबरच्या मेहुण्याला दिला होता, पण तो झुंबरकडचा. आता उडालेली पाखरं आणि उपटलेलं रान परत येतं का कोणास ठाऊक. महेश म्हणतो, येईल, फक्त आपण तिकडे फिरकायचं नाही.

घरी सुतक असल्यासारखं झालं. नाथा तीन घास कमी खातो. महेशची रजा संपली, तो सातपूरला जाऊन मशिनीपुढे उभा राहतो आणि मित्रांनी विचारलं की सुट्टी छान गेली म्हणतो. बाकी सगळे समुद्र बघून काळवंडून आलेत आणि मला सांगतात. नाथा सांगतो, गंगापूरच्या धरणासारखाच, पण पलीकडे गाव नाही. गोटीराम सांगतात, पाण्याला पाळी लावायची गरज नाही, आपोआप येतं आणि जातं. मालनबाईंनी तर माझ्यासाठी बाटलीतून समुद्र आणला. मी बघितला. तांब्याएवढा होता. चाखून बघितला आणि वांग्याच्या रोपाला घातला, रोप मेलं.

मी नाथाला विचारलं, मग माझा नारळ? तो म्हणाला, आई, दुसरी जागा बघू की. कारवारच्या बाजूला एक आहे म्हणतात, समुद्राला लागून, आणि रान ह्याच्याहून दाट. पण पौषात कशाला सुरुवात नको, मग द्राक्षाची तोड, मग उन्हाळी भाजी. पुढच्या हिवाळ्यात आधी आम्ही पुरुष जाऊन बघून येतो. मी गुडघ्याकडे बघितलं. त्याने ऐकलं असावं, कारण तेव्हाच तो कटकन वाजला.

असो. तू वाईट वाटून घेऊ नको. समुद्राचं मला तसं काही अप्रूप नाही. खारं पाणी, ना प्यायचं ना भाजीचं. लांबून ऐकलेला बरा. जयरामरावांना नमस्कार, बहिरूला आशीर्वाद. उत्तर लिहिलंस तर ते पाकिटात घालायला विसरू नको.

तुझी,
नवसाबाई
(निशाणी अंगठा. शाई नव्हती, म्हणून हळदीचा आहे.)

ता. क. त्या मालकाकडे मेथी एव्हाना खुडायला आली असेल. त्याला ती गवत वाटेल आणि तो पुन्हा रान होऊ देईल. तू जाऊन कोवळी आहे तोवर खुडून आण. कोणाची ते सांगू नको. मुळासकट उपटू नको, पुन्हा फुटते.

ता. क. दुसरा. सुलाबाई धार काढायला गेली आहे, म्हणून आता खरं सांगते. वर समुद्राचं अप्रूप नाही असं लिहिलंय ते खोडायला सांगितलं तर उज्वला म्हणते, कागद घाण होईल. तर ते तसंच राहू दे आणि तू वाचू नको. ऐक. मी खूप विचार केला. जागा बघायची असते, मुलगी बघायची असते, बैल बघायचा असतो. माहेर बघायला कोणी जात नाही. तिथे पसंती-नापसंती नाही, याद्या नाहीत. माहेरी न्यायला दारात मुराळी आला की बाईने पिशवी भरायची आणि निघायचं, आणि त्याला अडवायची रीत आमच्या नाथालाही माहीत नाही. आपल्याला भाऊ नाही, आणि आई गेल्यापासून माझ्या दारात मुराळी आलेला नाही. तू धाकटी आहेस, मी तुझं नाक पुसलंय, पण आता माझं माहेर म्हणजे तूच. तेव्हा बहिरूला पौष लागायच्या आत मुराळी म्हणून पाठव. खिडकीची जागा धर म्हणावं, पाय लांब करता येतील अशी. (उज्वला म्हणते, आजींना शिडी नसली तरी उंबरा चढताना धरायला कोणीतरी लागेल. दोनदा जाऊन आली तरी हिचं पोट भरलेलं नाही. दोन तिकिटं.)

ता. क. तिसरा. मुराळी रिकाम्या हाताने येत नसतो, ते विसरशील म्हणून सांगते. बहिरूबरोबर एक मोठा डबा दे. तळाला माझ्यासाठी सुकट, केळीच्या पानात घट्ट बांधून, वर आमसुलं, म्हणजे वास दबेल. आणि त्यावर काठोकाठ खाजं भर, आल्याचं, कडक, दाताला चिकटणारं. कंजूषपणा करू नको, ह्या घरातल्या प्रत्येकाचं तोंड भरेल एवढं पाठव, म्हणजे मी गाडीत बसेपर्यंत 'आधी आम्ही बघून येतो' म्हणायला कोणाला तोंड उघडता येणार नाही.